अप्पांची गंगा

वीज ऑफिसच्या तक्रारखिडकीमागं बसून मला सतरा वर्षं झाली. लाईट गेली म्हणून भांडायला आलेल्या माणसांची यादी करायची तर तालुक्याची मतदारयादीच पुढं घ्यावी लागेल. कुणी शिव्या देतं, कुणी रडतं, एकानं तर जळालेली मोटर बैलगाडीत घालून आणली आणि तुमच्या टेबलावर ठेवतो म्हणाला. पण लाईट घालवा असा अर्ज घेऊन आलेला माणूस मी एकच पाहिला. तो माझा घरमालक होता.

अर्ज रीतसर होता. "विषय : येत्या पोळ्याच्या अमावस्येस सायंकाळी आठ ते साडेआठ या वेळेत शहराचा वीजपुरवठा बंद ठेवणेबाबत. कारण : आकाशगंगेचे छायाचित्र काढणे." खाली सही आणि कोपऱ्यात टाचणीनं लावलेले स्वतःचे दोन पासपोर्ट फोटो. हे कशाला, असं मी विचारलं, तर सरकारी अर्जाला फोटो लागतोच, असं उत्तर मिळालं. आमच्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि हा माणूस आपली थट्टा करतोय का बघा, म्हणाले. या माणसाला थट्टा येत नाही, हे मी त्यांना शपथेवर सांगितलं. तेव्हा साहेबांनी शेरा मारला : "अर्जदाराने वाट पाहावी."

अप्पांचा जिंतूरच्या बाजारगल्लीत फोटो स्टुडिओ होता, आणि वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायचो. बायको-मुलं परभणीला, मी सोमवार ते शुक्रवार इथं. अप्पांच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे असायचे आणि ते संध्याकाळपर्यंत पुसले जात नसत, कारण घाम येईल असं काही करायचं नाही, हा त्यांचा नियम होता. सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसले की अर्धा घंटा पापणीसुद्धा हलायची नाही. एकदा मी दुधाची पिशवी द्यायला खाली गेलो, तर त्यांच्या नाकावर माशी बसलेली. मी तिथं उभा राहून तिच्याकडंच बघत राहिलो. शेवटी कंटाळून माशीच उठली.

स्टुडिओत खिळ्याला एक काळा कोट होता. नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला येणारा प्रत्येकजण तो चढवायचा. शिक्षक, तलाठी, कंडक्टर, बँकेतला शिपाई, अर्धा तालुका त्या एका कोटात सरकारदरबारी चिकटवलेला आहे. माझ्याही सेवापुस्तकात तोच कोट आहे, बाहीपाशी जरा सैल. गिऱ्हाइकाला अप्पा आधी तोंड धुवायला लावायचे आणि मग फोटोतून चेहऱ्यावरचा एकूण एक डाग काढायचे. मी एकदा डिवचलं की अप्पा, ही लबाडीच झाली. त्यांनी माझ्याकडं, मी वीजचोरी करताना सापडल्यासारखं पाहिलं.

"डाग माणसाचा नसतो, त्या दिवसाचा असतो," ते म्हणाले. "चार दिवसांनी फोड जातंय. मंग फोटोत कामून जन्मभर ठेवायचं?"



गंगा त्यांच्या आयुष्यात आली ती एका बियाणं-दुकानाच्या कॅलेंडरवरून. जानेवारीत ते कॅलेंडर दुकानदारानं फुकट दिलं. वर सोयाबीनची जाहिरात, मध्ये काळ्या आकाशात पांढरं चक्र, आणि खाली छापलेलं : "आपली आकाशगंगा." चक्राच्या एका कडेला बाण काढून "आपण इथे" असं लिहिलं होतं. अप्पांनी ते स्टुडिओत टांगलं आणि सकाळभर त्याच्यासमोर उभे राहिले. दुपारी मी जेवायला आलो तेव्हा मला हाताला धरून आत नेलं.

"आपन हितं हाव," त्यांनी बाणावर बोट ठेवलं. "मंग फोटोग्राफर कुटं हुबा होता?"

मी मोबाईलवर शोधून वाचलं. आकाशगंगेच्या बाहेर जाऊन आजवर कुणीच फोटो काढलेला नाही. आपण सगळे तिच्या आतच बसलेलो आहोत. थाळीतल्या ज्वारीच्या दाण्याला थाळी गोल दिसत नाही, नुसती कडेची पट्टी दिसते. तशी आपल्यालाही ती अंधारात आभाळभर पसरलेली धुरकट पट्टी दिसते. कॅलेंडरवरचं चक्र अंदाजानं काढलेलं चित्र आहे. अप्पा हे ऐकून खुर्चीत बसले. चित्र काढायचं आणि फोटो म्हणून टांगायचं, हे त्यांना फार लागलं. तीस वर्षं आपण नियमानं धंदा केला आणि इथं सबंध जगाच्या घराचा खोटा फोटो फिरतोय, असं त्यांचं म्हणणं होतं. घराच्या आत बसूनही घराचा फोटो निघतो, ज्या भिंती समोर आहेत त्या येतात, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. लग्नातल्या ग्रुप फोटोची रुंद लेन्स त्यांच्याकडं होतीच.

इथवर सगळं ठीक होतं. चूक झाली ती महाशिवरात्रीला.

स्टुडिओच्या दर्शनी काचेत एकच मोठी चौकट होती. आत दिवा, दिव्यापुढं फोटो. त्या चौकटीत लग्नाच्या वर्षापासून काकूंचा फोटो होता. काकू म्हणजे अप्पांच्या बायको. गर्भरेशमी साडी, नाकात नथ, मान जरा कलती. गल्लीतल्या पोरी लग्न ठरलं की त्या काचेकडं बोट दाखवून, मला असा काढा, म्हणायच्या. काकूंचे केस आता पांढरे झाले होते, पण रोज भाजी घेऊन येताना त्या काचेपाशी क्षणभर थांबायच्या. आपण पदर सावरायला थांबतोय असं त्या भासवायच्या. तीस वर्षांत गल्लीत कुणीही त्यावर विश्वास ठेवला नव्हता.

महाशिवरात्रीचा उपास आणि उत्साह एकत्र आला, आणि अप्पांनी तो फोटो काढून ठेवला. रिकाम्या चौकटीसमोर उभं राहून चहावाल्याला, शिंप्याला, किराणावाल्याला सांगितलं की इथं आता गंगा लागणार. सगळ्या गल्लीदेखत सांगितलं. काकू दारात उभ्या होत्या. आपला फोटो कुठं ठेवला, एवढंच त्यांनी विचारलं. पलंगाखाली, काळ्या कापडात, अप्पांनी सांगितलं. काकू "हं" म्हणाल्या आणि आत गेल्या. मी परका माणूस, पण त्या "हं"चा अर्थ मलाही कळला. अप्पांना काही कळलं नाही, ते चौकटीची काच पुसत होते.

मग गंगेचा शोध सुरू झाला. गच्चीवरून काढलेल्या पहिल्या फोटोत बाजाराचे दिवे, मोबाईलचा टॉवर आणि एका मंगल कार्यालयाची रोषणाई एवढंच आलं. म्हणून फाल्गुनातल्या अमावस्येला अप्पा ओळखीच्या एका शेतात पहाटे चारला जाऊन उभे राहिले. अंधारात डोळे दिपू नयेत म्हणून बॅटरीच्या काचेला लाल कागद लावलेला. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती, त्यामुळं आजूबाजूचे शेतकरी उन्हाळी भुईमुगाला पाणी द्यायला जागेच होते. त्यांना काय दिसलं? अमावस्या, लाल उजेड, तीन पायांचं यंत्र, आणि कपाळाला भस्म लावून पुतळ्यासारखा थिजलेला माणूस. अप्पा फक्त पंचवीस सेकंद कॅमेरा उघडा ठेवून श्वास धरून उभे होते.

गुप्तधन काढणारा म्हणून त्यांना घेरलं गेलं. मार बसला नाही, पण चौकशी कसून झाली. आपण गंगेचा फोटो काढतोय, हे अप्पांनी खरं सांगितलं. त्यावर एका म्हाताऱ्यानं आदरानं विचारलं की मग पाणी किती फुटांवर लागेल. दुसऱ्यानं सोनं किती खोल आहे ते विचारलं. अप्पा वर आभाळाकडं बोट दाखवत राहिले आणि लोकांना वाटलं, हा काही सांगायला तयार नाही. पुढच्या आठवड्यात स्टँडचे पाय रोवले होते त्याच जागी कुणीतरी पुरुषभर खड्डा खणला होता. शेतमालक अजून अप्पांशी बोलत नाही, आणि दुसरं कुणी त्यांना रात्री शेतात पाय ठेवू देईना.

तरी त्या पहाटेचा एक फोटो साधला होता. मी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर पाहिला. खरोखरच आभाळातून तिरकी, धुरकट पांढरी वाट गेली होती आणि भोवती ताऱ्यांचा सडा.  अप्पांनी तो मोठा छापायला परभणीच्या लॅबवाल्याकडं पाठवला. हा लॅबवाला पूर्वी अप्पांच्याच हाताखाली शिकलेला, आता त्याचं स्वतःचं मोठं मशीन. चौथ्या दिवशी एसटीच्या पार्सलनं गुंडाळी आली. गल्ली गोळा झाली. अप्पांनी कात्रीनं दोरा कापला, कागद उलगडला, आणि आत होता दोन बाय तीन फुटांचा काळाभोर, गुळगुळीत, चकाकणारा कागद. त्यावर काहीसुद्धा नव्हतं.

अप्पांनी फोन लावला. लॅबवाला खुशीत होता.

"लय मेहनत लागली अप्पा," तो म्हणाला. "हजारो डाग होते. दोन दिस बसून एक-एक काढला. मधी मोठा पांढरा पट्टा होता, त्यो बी घालवला. तुमीच शिकवलंय, एक डाग ऱ्हाऊ द्यायचा न्हाई."

लॅबवाल्यानं डाग मूळ फोटोवरच काढले होते. कॅमेऱ्यात तरी तो राहिला असेल असं मला वाटलं, पण कॅमेऱ्याचं कार्ड पुसून त्यावर मधल्या काळात एक बारसं काढलं होतं. अप्पांनी काळा कागद गुंडाळून ठेवला. पुढचे दोन दिवस त्यांनी येणाऱ्या गिऱ्हाइकांना तोंड धुवायला सांगितलं नाही, यावरून मला त्यांच्या दुःखाची कल्पना आली.

उन्हाळाभर वळीव आणि धूळ, मग पावसाळा. चौकट रिकामी. चहावाला रोज सकाळी विचारायचा, गंगा आली का? शिंपी विचारायचा, गंगा कोणत्या गाडीनं येणार? गिऱ्हाइकं रिकाम्या काचेत बघून भांग पाडायची. काकूंनी पाच महिने सोसलं. मात्र एकदा जेवण वाढताना त्यांनी माझ्यादेखत अप्पांना सुनावलं.

"महादेवानं गंगा डोक्यावर घेतली होती," त्या म्हणाल्या. "तुमी डोक्यात घेतलाव."

श्रावणात त्या राखीला भावाकडं, चुडाव्याला गेल्या. दोन दिवसांसाठी म्हणून गेल्या आणि आल्याच नाहीत. अप्पांनी फोन केला तर भाऊच उचलायचा. आठव्या दिवशी अप्पा मला म्हणाले की हरलो, तिचा फोटो परत लावतो. त्यांनी तो पलंगाखालून काढला, पुसला, आणि मीच चुडाव्याला फोन करून काकूंना ही आनंदाची बातमी दिली.  मग काकूंनी निरोप सांगितला आणि तो जसाच्या तसा पोचवायला बजावलं.

"ती आली न्हाई म्हनून मला बसवायची न्हाई. तिची जागा रिकामी ऱ्हायली तर ऱ्हाऊ द्या. उरल्या जागी मी बसनार न्हाई."

मी निरोप पोचवला. अप्पांनी फोटो परत काळ्या कापडात बांधला. आता एकच रस्ता उरला होता, हे त्यांना आणि मला दोघांनाही कळलं. गंगा आली, तिनं आपली जागा घेतली, तरच काकू मानानं घरात येणार. गंगा न आली तर चौकटही रिकामी आणि घरही. मी संध्याकाळी पिठलं टाकायचो, अप्पा पूजा उरकून माझ्या खोलीत येऊन खायचे. मीठ जास्त झालं तरी बोलायचे नाहीत. भरल्या घरातल्या माणसाला असं मुकाट्यानं खारट पिठलं खाताना बघवत नाही. त्याच आठवड्यात त्यांनी तो अर्ज केला. वाट पाहा, या शेऱ्याप्रमाणं आम्ही वाट पाहिली. लाईट जायची, पण नेमकी चांदण्या रात्री किंवा ढग असताना. एकदा सगळं जुळून आलं, आभाळ निरभ्र, चंद्र नाही, आणि आठ वाजता लाईट गेली. दुसऱ्या मिनिटाला बाजारातल्या सगळ्या दुकानांचे इन्व्हर्टर सुरू झाले.

पितृपक्ष लागला. या पंधरवड्यात शुभकार्य नसतं, त्यामुळं फोटोवाल्याकडं काळं कुत्रं फिरकत नाही. सर्वपित्रीला दोन दिवस होते. पावसानं धुतलेलं आभाळ स्वच्छ पडलं होतं. अप्पा दुपारी माझ्या खिडकीशेजारच्या बाकावर येऊन बसले होते, काही काम नसताना. माझा मोबाईल वाजला. चुडाव्याहून काकू.

"तक्रार नोंदवून घ्या," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं वीज पडून डीपी जळाला. तीन दिस झाले, गावात दिवा न्हाई. डोळ्यात बोट घातलं तर दिसंना."

मी म्हणालो, काकू, चुडावा पूर्णा तालुक्यात येतं, तिथला ट्रान्सफॉर्मर आमच्या ऑफिसकडं नाही.

"मला ठाऊक हाय. तरी नोंदवा. अन् शेजारी कुणी बसलं असंल तर त्याला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचा."

मी मोठ्यानं वाचलं. दुसऱ्यांदा वाचायची वेळ आली नाही. अप्पा उठून स्टँड आणायला गेले होते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून आम्ही परभणीपर्यंत एसटीनं आणि पुढं पॅसेंजरनं गेलो. चुडाव्याला उतरलो तेव्हा दिवस कलला होता. काकूंच्या भावानं स्वागत केलं आणि उत्साहाच्या भरात, पाव्हणे वीज ऑफिसात असतात, असं दोघा-तिघांना सांगून टाकलं. पाच मिनिटांत माझ्याभोवती पन्नास माणसं. डीपी कधी बसणार, मोटर कोण भरून देणार, मागच्या वर्षीचं बिल चुकीचं कसं आलं. मी तिथला नाही, हे मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. शेवटी अप्पांनी स्टँड उचलून शेताची वाट धरली तेव्हा मी, आणि माझ्यामागं ती पन्नास माणसंही, शेतात आली. काकू सगळ्यांच्या मागून आल्या, हातात पिशवीबिशवी काही नाही, चेहरा घट्ट.

अंधार पडला. असा अंधार मी नोकरीला लागल्यापासून पाहिला नव्हता. आठ वाजायच्या सुमारास दक्षिणेकडून ती वर उठलेली दिसली आणि थेट डोक्यावरून पलीकडं गेलेली. पन्नास माणसं बिलं विसरून वर बघायला लागली.  अप्पांनी कॅमेरा लावला. मग त्यांना वाटलं की खाली कुणीतरी माणूस पाहिजे, नुसतं आभाळ ओकंबोकं दिसतंय. ते काकूंकडं गेले. दीड महिन्यात पहिल्यांदा बोलले, ते म्हणजे, "जरा त्या बांधावर हुबी ऱ्हा. वर बग."

काकू बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. मला काम दिलं होतं : पंचवीस सेकंदांतली दोन सेकंद बॅटरी काकूंवर मारायची आणि विझवायची. अप्पांनी बटण दाबलं. मी बॅटरी मारली, विझवली. सगळ्या गावानं श्वास धरला. कॅमेरा बंद झाल्याचा आवाज आला आणि अप्पा मागच्या काचेवर वाकले. मीही वाकलो.

गंगा आली होती. शेंड्यापासून बुडख्यापर्यंत, एकही तारा न गळता, आणि खाली बांधावर काकू. फक्त काकू वर बघत नव्हत्या. सगळं शिवार, सगळं गाव वर बघत होतं, आणि त्या सरळ कॅमेऱ्याकडं बघत होत्या.

"पुन्हा एकदा," अप्पा म्हणाले, आणि बटणाकडं हात नेला. तेवढ्यात गावाकडून एकदम ओरडा उठला. लाईट आली होती. नवा डीपी नेमका त्या संध्याकाळी बसला होता. शेताकडेच्या खांबावरचा दिवा भक्कन पेटला, माणसं टाळ्या पिटत घराकडं पळाली आणि वर बघतो तर आभाळात मोजून दहा-बारा तारे. अप्पांनी माझा दंड धरला आणि तुमच्या लाईटवाल्यांना जरा पंधरा मिनिटं थांबायला सांगा म्हणाले. सतरा वर्षांत लाईट आल्याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

अप्पा बांधाकडं गेले. आवाजात राग होता, पण तो टिकत नव्हता.

"वर बग म्हनलो होतो की तुला. सगळी वर बघायलीत, तू कामून न्हाई बघितलीस?"

"वरचं रोज हाय," काकू म्हणाल्या. "तुमी दीड महिन्यानं दिसलाव."

 अप्पा परत आले, कॅमेऱ्यातला फोटो पुन्हा एकदा बराच वेळ बघितला आणि झाकण लावलं. हाच लावायचा, एवढंच मला म्हणाले. त्यांनी डोळे पुसले, ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही तिघं निघालो. काकूंची पिशवी मी उचलली, ती चांगलीच जड होती. इतक्या सकाळी एवढं सगळं कधी भरलं, असं मी त्यांच्या भावजयीला सहज विचारलं. ती हसून म्हणाली की पिशवी डीपी जळाला त्याच रात्री भरून ठेवली होती, अंधारात चाचपडत.